जात्याखालची माती

आमचं धारचं जुनं घर पाडलं तेव्हा ते पडायला मुळीच आलेलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. चांगलं धडधाकट घर होतं. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे परसू; वर कवेलू, म्हणजे कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळायचं, तिथे पातेली ठेवली की झालं. पण तात्यांच्या डोक्यात दगडी जोत्याचं घर शिरलं होतं. तात्या म्हणजे माझे वडील. दरबारच्या मुलकी कचेरीत ते कारकून होते आणि कचेरीतल्या दुसऱ्या एका कारकुनानं नुकतंच पुरुषभर उंच जोत्याचं घर बांधलं होतं. तिथे वास्तुशांतीला जेवून आले त्या दिवसापासून तात्यांना आमच्या ओटीवर पाय सोडून बसणं नकोसं झालं. पाय जमिनीला लागतात म्हणाले. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

तात्यांची थोरली बहीण, आमची आक्का, देवासहून कायमची आमच्याकडे राहायला आली होती. विधवा, उंच, खणखणीत आवाजाची. सोवळ्याओवळ्याचं सगळं खातं तिच्याकडे. ती आईला वहिनी म्हणे, म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ गजूही आईला वहिनीच म्हणत असू. आमच्या वेळी कितीतरी घरांत असंच होतं. माझ्या नातवाला याचं फार हसू येतं. "आजी, अपनी माँ को कोई भाभी बोलता है क्या?" म्हणतो. तो हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलतो बरी, पण अक्षरं तीच असूनही वाचत मात्र नाही. मी हे लिहिते आहे ते तो वाचणार नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्याच भरवशावर मी लिहायला बसले आहे.

घर पाडायचं ठरलं तेव्हा आक्का दिवसातून दहा वेळा म्हणायची, "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून!" गजू उड्या मारायचा. मीही मारल्या असतील. आई मात्र बोलायची बंद झाली. मुळात ती बोलकी, गालातल्या गालात हसून थट्टा करणारी बाई. आक्काची नक्कल तर अशी करायची की आम्ही तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायचो. ती एकाएकी गप्प झाली. तात्यांना वाटलं, कामाच्या धास्तीनं. ते म्हणाले, "अगं, तुला विटेला हात लावावा लागणार नाही. नानूराम मिस्त्री सगळं बघतो." आई म्हणाली, "माजघर राहू दिलं तर नाही का चालणार? पुढचं आणि मागचं बांधा." तात्या हसले. म्हणाले, "नवा सदरा शिवायचा आणि पाठ जुनी ठेवायची, असं कुणी करतं का?"

माजघराच्या आतल्या कोपऱ्यात आमचं जातं होतं. पूर्वी ते स्वयंपाकघरात, परसदाराशी असायचं. मी सात वर्षांची असताना ते माजघरात आलं. पहाटे आई तिथे दळायला बसे. इतर बायका दळताना गातात. आमची आई गात नसे, हळू आवाजात काहीतरी बोलत असे. मी अंथरुणात पडून ऐके. शब्द कळत नसत, पण ती कुणाला तरी काही सांगते आहे एवढं कळे. दळण संपलं की पीठ भरायच्या आधी ती जात्याच्या कडेची जमीन तळव्यानं सारखी करी. हे मी शंभर वेळा पाहिलं होतं आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

घर रिकामं करून आम्ही समोरच्या शेजाऱ्यांच्या दोन खोल्यांत राहायला गेलो त्या दिवशी दुपारी आईनं मला जुन्या घरात बोलावलं. भांडीकुंडी हलली होती, देव हलले होते. जातं तेवढं कोपऱ्यात होतं. ती त्याच्याशेजारी बसली, मला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. माझ्या पाठीवर गजू, गजूच्या पाठीवर मोरू. मोरू तीन महिन्यांचा होऊन गेला. श्रावणाची झड लागली होती आणि तात्या मांडूच्या बाजूला दौऱ्यावर होते, नाले भरल्यामुळे तिकडेच अडकलेले; आक्काही त्या महिन्यात देवासला गेलेली. ज्याला दात आले नाहीत अशा मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर त्यासाठी जागा होती. पण माझ्याही आधी आईला एक मुलगी झाली होती, ती अशीच गेली, तिला तिथे पुरलं, आणि तिसऱ्या दिवशी गवळ्यानं दारात दूध घालता घालता सांगितलं की पाळीवर कोल्ह्यांनी उकरलंय. ते ऐकून आईच्या हातातलं भांडं पडलं होतं म्हणे. "दुसऱ्यांदा मी नाही दिलं," आई म्हणाली. "मी आणि धापूनं मिळून त्याला इथे ठेवलं. वर जातं आणून मांडलं." धापूबाई म्हणजे आमची सुईण. तिच्या नवऱ्यानं मूल तळ्यावर नेलं असं तिनं गल्लीत सांगितलं. तात्या परत आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. धापूबाई पुढे वर्षभरात वारली, तिचा नवराही गेला, आणि मग हे आईशिवाय कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

माझं वय दहा. मी पायाखालच्या जमिनीकडे बघत होते आणि मला पाय उचलून घ्यावेसे वाटत होते.

तात्यांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं नाही. ते मला न विचारताच कळत होतं. तात्या दर शनिवारी कचेरीतून परस्पर तळ्यावर जात. तिथे एका चिंचेखाली, धापूच्या नवऱ्यानं दाखवलेल्या जागी, त्यांनी एक घडीव दगड नेऊन ठेवला होता. त्याच्यापाशी ते घटकाभर बसून येत. ती जागा रिकामी आहे, हे त्यांना कुणी सांगायचं? आणि आक्काला कळलं असतं तर वेगळंच. ज्या माजघरात कुलाचार झाले, श्राद्धाची पानं मांडली, तिथे असं काही आहे म्हटल्यावर तिनं आईला उभं जाळलं असतं.

आईनं बेत केला होता. आधी कवेलू उतरणार, मग वासे निघणार, मग पुढच्या भिंती. जमिनीला हात लागायला चार दिवस तरी होते. गुरुवारी दुपारी मजूर जेवायला गेले की ती पहार घेऊन एकटी येणार, त्याला काढून पदराखाली घेणार, आणि शनिवारच्या आत त्या चिंचेखाली नेऊन ठेवणार होती. म्हणजे तात्यांचं बसणं खोटं ठरणार नव्हतं. "तू फक्त दाराशी उभी राहा," ती मला म्हणाली. "एवढं करशील?" मी मान हलवली.

त्या चार दिवसांचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. वर चढलेले मजूर कवेलू एकमेकांच्या हातांत फेकत आणि खालचा मोजल्यासारखा "हाँ, हाँ, हाँ" म्हणत झेली. वासे निघताना करकरत. उंदरांची घरटी पडली, चिमण्या दिवसभर ओरडत होत्या. आक्का मजुरांसाठी मक्याच्या भाकरी थापी आणि वर कुरकुरे, "मेल्यांना तूप किती लागतं! माळव्याच्या पोटाला तळ नाही." तरी वाढताना तिचा हात आखडत नसे. एके दिवशी नानूराम मिस्त्रीनं स्वतः गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे गोळे, बाफले, भाजले, तुपात बुडवून आम्हाला दिले, आणि डाळ-बाफले खाऊन गजू दुपारी तिथेच लाकडांच्या ढिगावर झोपून गेला. सगळीकडे मजा चालली होती. मी मात्र त्या घरात जायला घाबरत होते. छप्पर निघाल्यावर माजघरात ऊन आलं. जिथे जन्मात ऊन पडलं नव्हतं तिथे ते पडलं होतं, भिंतींवरचा धूर, खुंट्यांचे डाग, देवळीतलं तेल, सगळं उघडं पडलं होतं. आणि त्या उन्हात जातं. मला वाटे, त्याचं पांघरूण काढलंय, आता तो जागा होणार. मी हे कुणाला सांगू शकत नव्हते. आईला तर नाहीच. ती त्याला घेऊन जायची वाट बघत होती आणि मी त्याला भीत होते.

बुधवारी सकाळी आई बाहेरची झाली. चार दिवस आधीच. शेजाऱ्यांच्या खोल्यांच्या कडेला एक पडवी होती, तट्ट्यांच्या कुडाची. तिथे तिला बसावं लागलं. आजच्या मुलींना हे सांगून पटत नाही. चार दिवस ती कुणाला शिवायची नाही, घरात यायची नाही, बांधकामाच्या मालाला तर तिची सावली चालायची नाही. त्यातून त्याच दिवशी गाऱ्याचा मुहूर्त होता. माळव्यातल्या कारागिरांची एक रीत होती: नव्या भिंतींचा पहिला गारा घरच्या माणसांनी तुडवायचा. जुन्या घराचीच माती घ्यायची, कारण ती मुरलेली असते. तिच्यात भुसा, शेण, तागाचे तुकडे घालायचे, पाणी सोडायचं आणि घरच्यांनी अनवाणी आत उतरायचं. मग ते घर त्या माणसांना ओळखतं म्हणत. भटजींनी बुधवारचीच वेळ काढून दिली होती.

आईनं पडवीतून मला हाक मारली. मी कुडाबाहेर उभी राहिले. तिचा चेहरा पांढराफटक होता. "दुर्गे," ती म्हणाली, "जात्यावर जाऊन बस. आज ते पुढची माती घेणार आहेत. पण कुणी माजघराकडे वळलं, जातं उचलायला आलं, की मला हाक मार. जोरात. मी बघते काय करायचं ते." मी म्हटलं, "तू कशी येशील? तू बसलीयेस ना?" ती म्हणाली, "ते माझं मी बघेन. तू हाक मार."

मी जाऊन जात्यावर बसले. मार्गशीर्षातली थंडी होती, दगड गार होता. पुढच्या अंगणात खड्डा तयार होता आणि माणसं जमली होती. मी एकटी त्या उघड्या माजघरात, चार भिंतींच्या मधे. किती वेळ बसले सांगता येणार नाही. मला वाटू लागलं, जात्याखालून काही हलतंय. आज मला माहीत आहे, बाहेर पहारी पडत होत्या त्यांचे हादरे जमिनीतून येत होते. तेव्हा ते माहीत नव्हतं. मी पाय वर घेतले, परकर आवळून धरला, रामरक्षा म्हणायला लागले आणि मधेच विसरले.

बाहेर नानूराम तात्यांना म्हणत होता, "बाबू साब, यां की माटी तो काली हे. भीत फाटी जायगी. पीली माटी भीतर की हे, वा लो."

"तर भीतर से निकालो, भिया," तात्या म्हणाले. "मुहूर्त जाऊ द्यायचा नाही."

हे मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. दोन मजूर कुदळी घेऊन माजघराच्या दारात आले आणि मला पाहून थांबले. तेवढ्यात तात्यांची हाक आली, "दुर्गे! कुठे आहेस? ये, पहिला पाय तुझा!" नानूराम मागून म्हणाला, "हाँ, पेलो पग घर की बेटी को."

मी उठले. मजुरांच्या मधून धावत बाहेर गेले. समोरच्या घराच्या कडेला पडवी होती, वीस पावलांवर. तिकडे तोंड करून एक हाक मारायची होती. मी तिकडे पाहिलंही नाही. लोकांनी पुढे मला कधी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोर होते, वडिलांनी बोलावलं, खेळाच्या नादात विसरले. तसं नव्हतं. मला तो तिथून जायला हवा होता. त्याला कुणी काढलं, कुठे टाकलं, याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. तो माझ्या खालून, आमच्या घरातून, आईच्या पहाटेच्या बोलण्यातून जावा, एवढंच मला हवं होतं. आक्कानं माझ्या पायांना हळदकुंकू लावलं आणि मी गाऱ्यात उतरले.

गारा बर्फासारखा गार होता. भुसा पोटऱ्यांना टोचत होता. गजू मागून उतरला आणि किंचाळला, सगळे हसले. मग तात्या धोतर खोचून उतरले. आक्का काठावरून, "अरे सांभाळ, घसरशील, कचेरीत लंगडत जाशील!" असं ओरडत होती. तात्यांना इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. माजघरातून माती येऊ लागली. एकामागून एक टोपल्या. पिवळी, मऊ, कोरडी माती, खड्ड्यात पडली की धुरळा उठायचा. नानूराम तिच्यात हात घालून म्हणाला, "कई माटी हे, साब! लोणी हे, लोणी!" आम्ही तुडवत राहिलो. कुठलीशी टोपली रिकामी झाल्यावर माझ्या उजव्या पायाच्या तळव्याला काहीतरी बारीक टोचलं. खडा असेल. पन्नासाहून अधिक वर्षं मी स्वतःला सांगत आले आहे की तो खडाच होता.

चौथ्या दिवशी आई न्हाऊन आली आणि थेट जुन्या घरात गेली. जातं उचलून भिंतीशी उभं केलं होतं. त्याच्या जागी कमरेएवढा खड्डा होता. ती काठावर बसून राहिली. मी दारात उभी होते. तिनं वळून विचारलं, "कुणी उचललं जातं?" मी म्हटलं, "मला कळलंच नाही." ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जा, गजू एकटाच आहे." बस, एवढंच. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

भिंती गुडघाभर आल्या तेव्हा नानूराम एके दुपारी तात्यांकडे आला. पागोट्याच्या टोकाला काहीतरी बांधलेलं होतं, ते त्यानं सोडलं. "साब, यो गारा में निकळ्यो. टाबर को दीखे." टाबर म्हणजे लेकरू. काळ्या मण्यांची बाळमनगटी होती, तिच्यात एक चांदीचा मणी, मातीनं भरलेला. तात्यांनी ती हातात घेतली आणि बोटानं मणी पुसला. तो मणी त्यांनीच देवासच्या सोनाराकडून आणला होता, मोरूच्या बारशाच्या वेळी. मी तिथे गजूला भाकरी कुस्करून देत होते. तात्यांचा चेहरा पाहिला आणि भाकरी माझ्या हातातच राहिली.

ते उठून आत गेले. आई तांदूळ निवडत होती. त्यांनी मनगटी तिच्यापुढच्या सुपात ठेवली. तात्यांनी विचारलं, "कुठे होता?"

"जात्याखाली."

"आणि मी तीन वर्षं त्या चिंचेखाली कुणाशी बोलत होतो?"

आई म्हणाली, "तुम्ही बोलत होतात ते त्याला कुठूनही ऐकू गेलं असेल." मग ती रडायला लागली. आक्का देवळात गेली होती हे नशीब. तात्या सुपापाशी तसेच उभे राहिले. पुरुषांना अशा वेळी बसायचं की उभं राहायचं हे कळत नाही. शेवटी ते बाहेर आले आणि नानूरामला म्हणाले, "ती भीतरची माटी कौनसी भीत में लगी?" नानूराम शहाणा माणूस. त्यानं का म्हणून विचारलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "साब, गारो तो एक हुई गियो. सगळी भीतां में हे."

घर वैशाखात पुरं झालं. दगडी जोतं झालं, पायऱ्या झाल्या, ओटीवरून पाय सोडले तर जमिनीला लागत नव्हते, पण तात्या तिथे फारसे बसले नाहीत. वास्तुशांतीच्या दिवशी घराभोवती सूत गुंडाळून दुधापाण्याची धार धरतात. यजमानीण बाई म्हणून तांब्या आईच्या हातात. बाहेरून एक फेरी झाली, आणि तांब्या पुन्हा भरून ती आत वळली. ओटीच्या भिंतीशी धार धरली, मग माजघराच्या, मग मधल्या. भटजी म्हणाले, "बाई, आतून नसते. झालं, पुरे." आक्का म्हणाली, "वहिनी, अगं दूध किती सांडतेस!" तेव्हा तात्या स्वतः दुधाची चरवी घेऊन आले, तिच्या तांब्यात दूध ओतलं आणि भटजींना म्हणाले, "चालू द्या. अजून भिंती राहिल्यात." भटजी मंत्र म्हणायला लागले. आई एकेक भिंत धरून चालत होती आणि तात्या चरवी घेऊन तिच्या मागे. जेवायला आलेले लोक ओटीवर खोळंबले होते. कचेरीतला तो उंच जोत्याचा कारकूनही त्यांत होता.

त्या घरात तात्यांनी भिंतीला कधी खिळा मारू दिला नाही. खुंटी नाही, फळी नाही, तसबीर नाही. कपडे दोरीवर, पंचांग कोनाड्यात, कंदील जमिनीवर. आलेगेले चकित होत; आक्का म्हणे, "एवढं घर बांधलं आणि पागोटं ठेवायला जागा नाही!" सारवण आई स्वतः करी, बाई लावू देत नसे. पहाटे ती दळताना आता बोलत नव्हती. पण घरात जाता-येता तिचा हात भिंतीवर असे, आंधळ्या माणसाचा असतो तसा, आणि कुठलीही भिंत वगळली जात नसे. मी लग्न होऊन जाईपर्यंत पाच वर्षं त्या घरात राहिले. एकदाही भिंतीला टेकून बसले नाही. रात्री अंथरूण मधोमध घालून झोपे. गजू हसायचा, "ताई, तू भिंतीला भितेस काय?" मी म्हणे, "पाली असतात."

माझं सासर देवासचं. तात्या गेल्यावर, आईचं दुखणं वाढलं तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं. माझी मुलं तेव्हा मोठी होत होती. एकदा चैत्रातल्या दुपारी मी तिचे पाय चेपत होते. घरात कुणी नव्हतं. वीस-बावीस वर्षं उलटून गेली होती आणि ती फार दिवस राहणार नाही हे दिसत होतं. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी तुला हाक मारली नाही."

तिनं डोळे उघडले. कोणत्या दिवशी, असं विचारलं नाही. म्हणाली, "मला दिसत होतं. पडवीच्या कुडाला फट होती. तू धावत बाहेर आलीस, आक्कानं तुझ्या पायांना कुंकू लावलं, माझ्यासमोर टोपल्या येऊ लागल्या. मी सगळं बघत होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? वीस पावलं होती. मी गेले असते तर शिवाशिव झाली असती. गारा बाटला असता, मुहूर्त टळला असता, आक्कानं घर डोक्यावर घेतलं असतं. एवढंच ना? एवढ्यासाठी मी बसून राहिले. तू हाक मारली असतीस तरी मी उठले असते की नाही, मला आजही ठाऊक नाही." तिनं माझा हात शोधून हातात घेतला. "इतकी वर्षं तू हे जिवाला लावून घेतलंस होय? वेडे. तू दहा वर्षांची पोर होतीस. खेळात विसरलीस. मी काही विसरले नव्हते."

मी तिच्या हातावर डोकं ठेवलं आणि खूप रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि तिला वाटत होतं, मुलीच्या मनावरचं ओझं उतरलं. मी तिला तसंच समजू दिलं. पंधरा दिवसांनी ती गेली. मीही विसरले नव्हते, हे तिला सांगायला मला तोंड झालं नाही.